१८० येनचा किल्ला आणि सुनेचं बेट

सदर : उंबऱ्यापलीकडे



जपानला जाऊन आलेल्या कुणाही शेजारणीला विचारा. ती टोकियोच्या उंच इमारती सांगेल, क्योटोची देवळं सांगेल, फुजी पर्वत ढगांत लपला होता की दिसला ते सांगेल, आणि बुलेट ट्रेनबद्दल तर सांगेलच सांगेल! हल्ली कुणाचा मुलगा, कुणाचे लेक-जावई तिकडे नोकरीला असतात, त्यामुळं आपल्यापैकी पुष्कळजणींचं जपानला जाणं होतं. पण जाणं होतं ते ठरावीक चाकोरीतलंच. आठ दिवसांत पाच शहरं, रोज सकाळी बॅग भरा आणि रोज संध्याकाळी ती उघडा. परत येताना फोटो ढीगभर असतात, पण मनात एकही गाव नीटसं राहिलेलं नसतं.

म्हणून या वेळी तुम्हांला एका लहानशा, निवांत गावी नेणार आहे. गावाचं नाव मात्सुए. किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेलं, खंदकांनी वेढलेलं, मोठ्या सरोवराच्या काठावरचं हे गाव. लोकवस्ती साधारण दोन लाख, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम शहराएवढीच. इथं बघायला किल्ला आहे, सरोवर आहे, बाग आहे, देऊळ आहे. पण माझ्या मते इथल्या गोष्टीच जास्त मोलाच्या आहेत, आणि त्यांतल्या दोन तर खास आपल्यासारख्या बायकांनी ऐकाव्यात अशा आहेत. त्या ओघात येतीलच.

जायचं कसं?

जपानच्या नकाशावर खालच्या बाजूचा, प्रशांत महासागराकडचा किनारा गजबजलेला आहे. मोठी शहरं, बुलेट ट्रेन सगळं तिकडंच. मात्सुए आहे डोंगर ओलांडून पलीकडच्या, जपानच्या समुद्राकडच्या अंगाला. शिमाने नावाच्या प्रांताचं हे मुख्य ठिकाण. ओसाकाहून बुलेट ट्रेननं पाऊण तासात ओकायामाला उतरायचं आणि तिथं गाडी बदलून 'याकुमो' नावाच्या जलद गाडीत बसायचं. डोंगरदऱ्यांतून, नदीच्या कडेकडेनं ती अडीच तासांत मात्सुएला पोचवते. टोकियोहून यायचं असेल तर 'सनराइज इझुमो' नावाची रात्रीची झोपायची गाडीही आहे. रात्री दहाच्या सुमारास टोकियोहून निघते आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास मात्सुएला येते. तिचं आरक्षण मात्र फार लवकर संपतं, तेव्हा मुलाला आधीच सांगून ठेवा.

पुण्याच्या मैत्रिणींना ओकायामा हे नाव ओळखीचं वाटलं असेल. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आठवा. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवरच घडवलेलं आहे. गाडी बदलायला उतरलातच आहात, तर दोन-तीन तास काढून मूळची बागही बघून घ्या. सामान स्टेशनवरच्या कुलुपाच्या खणात ठेवता येतं.

किल्ला कसा वाचला?

मात्सुएचा किल्ला होरिओ योशिहारु या सरदारानं बांधायला घेतला तो १६०७ साली, आणि पुरा झाला १६११ साली. त्याच वर्षी योशिहारु वारला. पुढं घराण्याला वारस उरला नाही. मध्ये थोडी वर्षं क्योगोकु नावाच्या दुसऱ्या घराण्याकडं गाव गेलं आणि १६३८ पासून मात्सुदाइरा घराण्याकडं आलं, ते दहा पिढ्या त्यांच्याचकडं राहिलं.

आपल्या डोळ्यांसमोर किल्ला म्हटलं की दगडी तट, बुरूज आणि दरवाजे येतात. जपानी किल्ल्यात दगड असतो तो खालच्या जोत्याला आणि तटबंदीला. त्यावरचा मुख्य मनोरा संपूर्ण लाकडी. मात्सुएचा मनोरा तीसेक मीटर उंच, बाहेरून काळ्या फळ्यांनी मढवलेला, आत पाच मजले आणि शिवाय एक तळघर. तळघरात विहीर आहे. वेढा पडला तर पाण्यावाचून हाल नकोत म्हणून ही सोय. मिठाची, धान्याची साठवणही इथंच व्हायची. कुणी बांधला हे विसरा, पण घर चालवणाऱ्या बाईला हे तळघर बघताक्षणी पटतं!

आणखी दोन गोष्टी मुद्दाम बघा. एक म्हणजे खांब. मोठे अखंड ओंडके पुरेसे नव्हते, म्हणून खांबांना चहूबाजूंनी फळ्या जोडून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून ते मजबूत केलेले आहेत. दुसरी म्हणजे जिने. ते किरी नावाच्या हलक्या लाकडाचे आहेत. हे लाकूड लवकर पेट घेत नाही, आणि हलकं असल्यामुळं शत्रू आत शिरलाच तर जिना वर ओढून घेता येई. हे जिने फार उभे आहेत. बूट खाली काढून ठेवावे लागतात आणि लाकूड पायमोज्यांखाली गुळगुळीत लागतं. तेव्हा गुडघे दुखत असतील तर हट्ट करू नका. खालचे दोन मजले बघून अंगणातल्या बाकावर बसलात तरी चालेल. वरपर्यंत गेलात तर मात्र चारही दिशांना मोकळं दिसतं: एकीकडं सरोवर, एकीकडं गावाची छपरं, पलीकडं डोंगर.

आता खरी गोष्ट. १८६८ नंतर जपानमध्ये राज्यव्यवस्थाच बदलली. सरदार गेले, सामुराईंचे पगार आणि मान गेले आणि जुने किल्ले म्हणजे निरुपयोगी अडगळ असं सरकारला वाटू लागलं. देशभरातले किल्ले पाडून लाकूडफाटा विकायचा सपाटा लागला. १८७५ साली मात्सुएच्या किल्ल्याचा लिलाव झाला. आजूबाजूच्या इमारती मातीमोल किमतीला गेल्या आणि पाडल्याही. मुख्य मनोऱ्याची बोली लागली १८० येन!

तेव्हा दोन माणसं पुढं आली. एक होते काट्सुबे मोतोएमोन, आसपासच्या खेड्यातले सधन शेतकरी. दुसरे ताकागि गोम्पाची, जुन्या चाकरीतले सामुराई. या दोघांनी खटपट करून तेवढेच पैसे उभे केले, सरकारकडं भरले आणि मनोरा पाडू नका म्हणून विनवलं. मनोरा राहिला. त्यांचं नाव घ्यायला त्या वेळी कुणी हार-तुरे घेऊन आलं नसेल. पण आज जपानभर मिळून मूळचे असे बाराच मनोरे उभे आहेत आणि त्यांतला हा एक. ओसाकाचा, नागोयाचा किल्ला बघायला लाखो लोक जातात, ते मनोरे विसाव्या शतकात काँक्रीटनं नव्यानं उभे केलेले आहेत. मात्सुएचं लाकूड मात्र चारशे वर्षांपूर्वीचं.

याला एक छान शेपूटही आहे. किल्ला नक्की कधी पुरा झाला याचा पुरावा हाती नव्हता, म्हणून 'राष्ट्रीय ठेवा' हा सर्वोच्च मान त्याला मिळत नव्हता. २०१२ साली किल्ल्याच्याच आवारातल्या देवळात दोन जुन्या लाकडी पाट्या सापडल्या. बांधकामाच्या वेळी प्रार्थनेसाठी ठोकलेल्या त्या पाट्या होत्या आणि त्यांच्यावर १६११ चा काळ लिहिलेला होता. त्यांवरची खिळ्यांची भोकं मनोऱ्यातल्या खांबांशी जुळली. मग २०१५ साली तो मान मिळाला. जपानमध्ये असा मान मिळालेले मनोरे पाचच आहेत. सांगायचं काय, देवळाच्या कोपऱ्यात कुणीतरी न फेकता ठेवलेल्या दोन फळ्यांनी एवढं काम केलं. माळा आवरताना हे लक्षात ठेवा, बरं का!

खंदकातली बोट

किल्ल्याभोवतीचा खंदक आजही पाण्यानं भरलेला आहे आणि त्यातून छोट्या छपराच्या बोटी फिरतात. सुमारे पन्नास मिनिटांची फेरी. वाटेत सोळा-सतरा पूल लागतात. त्यांतले काही इतके ठेंगणे, की नावाडी सूचना देतो, बोटीचं छप्पर खाली येतं आणि सगळ्यांनी पुढं वाकून गुडघ्यांवर डोकं टेकायचं! लहान पोरांसारखी सगळी मंडळी हसत सुटतात. बूट काढून बोटीत मांडी घालून बसायचं असतं, तेव्हा आपल्याला सवयीचंच.

थंडीत गेलात तर बोटीत 'कोतात्सु' असतो. कोतात्सु म्हणजे ठेंगणं टेबल, त्याखाली ऊब देणारी शेगडी आणि वरून दुलई. पाय दुलईत, हातात गरम चहा आणि बाहेर भुरभुर बर्फ. हा थाट इतरत्र सहसा मिळायचा नाही.

सेत्सुबाईंच्या कहाण्या

खंदकाच्या उत्तरेला शिओमि-नावाते नावाचा जुना रस्ता आहे. एका बाजूला पाइनची वाकलेली झाडं आणि पाणी, दुसऱ्या बाजूला सामुराईंची घरं. त्यांतलं एक घर आत जाऊन बघता येतं. पाहुण्यांची खोली दिमाखाची, घरच्यांची साधी आणि स्वयंपाकघर त्याहून साधं. पाहुण्यांसाठी उत्तम कप आणि घरच्यांसाठी कान तुटलेले हा प्रकार तिकडंही होता म्हणायचा!

याच रस्त्यावर लाफ्काडिओ हर्न यांचं घर आणि त्यांचं संग्रहालय आहे. हर्न यांचा जन्म १८५० साली ग्रीसमधल्या एका बेटावर झाला. आई ग्रीक, वडील आयरिश. लहानपणीच आईवडील दुरावले, एक डोळा गेला, अमेरिकेत पत्रकारी केली आणि १८९० साली चाळिशीत इंग्रजीचे मास्तर म्हणून ते मात्सुएला आले. त्यांनी जपानबद्दल लिहिलेली पुस्तकं जगभर वाचली गेली. 'क्वाइदान' हे त्यांचं भुताखेतांच्या कहाण्यांचं पुस्तक १९०४ साली निघालं. आजही ते वाचलं जातं.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या बायकोबद्दल. तिचं नाव सेत्सु. १८६८ साली, म्हणजे सामुराईंचं वैभव बुडालं त्याच वर्षी, मात्सुएच्या एका चांगल्या सामुराई घरात तिचा जन्म झाला. लगेच ती नात्यातल्या घरी दत्तक गेली. दोन्ही घरांची परिस्थिती खालावत गेली. शिकायची हौस होती, पण शाळा लवकर सुटली आणि लहान वयातच मागावर बसून विणायची पाळी आली. लग्न झालं, तर नवरा घरच्या गरिबीला आणि कर्जाला कंटाळून थोड्याच दिवसांत निघून गेला. तेवीसेक वर्षांची ही बाई दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांच्या पोटाची काळजी डोक्यावर घेऊन १८९१ साली हर्न यांच्या घरी कामाला लागली. परदेशी पुरुषाच्या घरी राहायला जाणं म्हणजे त्या काळी गावाच्या तोंडाला केवढं खाद्य! पण पुढं दोघांचा संसार झाला आणि तो शेवटपर्यंत टिकला. तीन मुलगे, एक मुलगी. बायकामुलांचे हक्क पक्के व्हावेत म्हणून हर्न यांनी १८९६ साली जपानी नागरिकत्व घेतलं आणि आडनाव लावलं ते बायकोचं. ते कोइझुमि याकुमो झाले. आपण ज्या गाडीतून मात्सुएला आलो, तिचं नावही याकुमोच!

हर्नना जपानी धड वाचता येत नव्हतं आणि सेत्सुबाईंना इंग्रजी येत नव्हतं. दोघांनी मिळून मोडक्यातोडक्या जपानीची आपली एक घरगुती बोली तयार केली. तिला 'हेरुनसान कोतोबा', म्हणजे हर्नसाहेबांची बोली म्हणतात. रात्री दिव्याची वात बारीक करून सेत्सुबाई जुन्या कहाण्या सांगत. नवरा अंगावर काटा येईपर्यंत ऐके, पुन्हा पुन्हा तोच भाग सांगायला लावी. मात्र त्यांची एक अट होती. समोर पुस्तक धरून वाचायचं नाही. तुझ्या मनातून आलेली, तुझ्या शब्दांतली गोष्टच मला हवी. मग सेत्सुबाई जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून कहाण्या शोधून आणीत, वाचून पचवीत आणि मग सांगत. त्या कहाण्यांवरूनच ती जगप्रसिद्ध पुस्तकं उभी राहिली.

आपण शिकलेलो नाही याची सेत्सुबाईंना खंत वाटे. तेव्हा हर्न त्यांना आपल्या पुस्तकांच्या कपाटापाशी नेत आणि ही एवढी पुस्तकं कुणामुळं झाली, असं विचारत, ही आठवण त्यांच्या घरात सांगितली जाई. हर्न १९०४ साली गेले. पुढं सेत्सुबाईंच्या आठवणी १९१४ साली छापून निघाल्या, त्या आजही वाचल्या जातात. आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेरीपासून तिकडच्या सार्वजनिक वाहिनीवर रोज सकाळी लागणारी मालिका सुरू झाली, तिची नायिका सेत्सुबाईंवरूनच बेतलेली होती. सव्वाशे वर्षांनी का होईना, पाटीवर नाव आलं!

त्या घरात गेलात की खोलीच्या मध्यभागी बसा. तीन बाजूंना छोटी छोटी बाग दिसते. या बागेवर हर्न यांनी एक आख्खं प्रकरण लिहिलंय. संग्रहालयात त्यांचं अगदी उंच लिहिण्याचं टेबल आहे. नजर अधू, म्हणून कागद डोळ्यांपाशी यावा असं बनवून घेतलेलं.

सुनेचं बेट

संध्याकाळी मात्र सगळं सोडून सरोवराच्या काठी जा. शिंजि सरोवराचा सूर्यास्त साऱ्या जपानात नावाजलेला आहे. काठावरचं शिमाने कलासंग्रहालय तर मार्च ते सप्टेंबर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं बंद होतं. म्हणजे दार लावायची वेळ सूर्य ठरवतो! पाण्यात एक चिमुकलं बेट आहे, त्यावर थोडी पाइनची झाडं. मावळतीच्या वेळी ते काळं काळं दिसू लागतं आणि मागं सगळं पाणी केशरी होतं. लोक धडाधड फोटो घेतात.

त्या बेटाचं नाव योमेगाशिमा. योमे म्हणजे सून, शिमा म्हणजे बेट. कहाणी अशी सांगतात की एका सुनेला सासूचा छळ सोसवेना. हिवाळा होता, सरोवर गोठलेलं होतं. पलीकडच्या काठाला माहेर. ती बर्फावरून चालत माहेरी निघाली आणि मध्येच बर्फ फुटला. पाण्याच्या देवाला दया आली आणि त्यानं तिच्या देहासकट एक बेट वर आणलं.

हे ऐकल्यावर सूर्यास्त निराळाच दिसतो की नाही? सासर आणि माहेर यांच्या मधलं पाणी आपल्या ओव्यांतून, भोंडल्याच्या गाण्यांतून आपण कितीदा ओलांडलंय. भाषा कळत नाही, लिपी कळत नाही, पण ही कहाणी कुणी समजावून सांगावी लागत नाही. किल्ल्याचीही अशीच एक दंतकथा आहे. भिंत पुनःपुन्हा ढासळत होती म्हणून नाच आवडणाऱ्या एका मुलीला तिच्यात गाडलं, आणि त्यानंतर गावात मुली नाचल्या की किल्ला हादरू लागे. हर्न यांनीही ती लिहून ठेवलीय. आपल्याकडंही तळ्याला पाणी लागावं म्हणून सुनेचा बळी दिल्याच्या कथा आहेतच. खऱ्या की खोट्या कुणास ठाऊक, पण राजेरजवाड्यांच्या बखरीत जे लिहिलं जात नाही, ते बायका अशा कहाण्यांत जपून ठेवतात.

चहा, मिठाई आणि जेवण

मात्सुदाइरा घराण्यातला सातवा सरदार हारुसातो, ज्याला फुमाइ म्हणतात, तो चहाचा मोठा दर्दी. १८१८ साली तो वारला, पण गावाला चहाची गोडी लावून गेला. इथं घरोघरी साध्या माणसांनाही हिरव्या चहाची पूड घुसळून प्यायची सवय आहे. फुमाइच्या आवडीनं १७७९ साली बांधलेलं मेइमेइ-आन नावाचं गवताच्या छपराचं चहाघर टेकडीवर आहे. तिथं बसून चहा घेता येतो आणि समोर किल्ला दिसतो.

चहा कडू, म्हणून आधी गोड खायचं. मात्सुएच्या तीन मिठाया प्रसिद्ध आहेत. 'वाकाकुसा' म्हणजे कोवळं गवत: तांदळाच्या पिठाची मऊ वडी, वरून हिरव्या पिठीत घोळवलेली. 'यामाकावा' म्हणजे डोंगर-नदी: तांबडी आणि पांढरी अशी साच्यात दाबलेली जोडी, हातानं मोडून खायची. तिसरी 'नातानेनो सातो', पिवळीधमक, मोहरीच्या फुललेल्या शेतासारखी, आणि त्यावरचे पांढरे दाणे म्हणजे फुलपाखरं. घरी आणायला यांच्यासारखी भेट नाही. मात्र टिकाऊपणाची तारीख दुकानदाराला विचारून घ्या.

जेवणाचं मात्र नीट समजून घ्या. इथल्या सोबा शेवया प्रसिद्ध. सोबा म्हणजे आपण उपासाला वापरतो तो कुट्टू. सालासकट दळतात म्हणून रंग काळपट. एकावर एक तीन गोल डब्यांत शेवया येतात. वरून मसाला आणि रस घालायचा, पहिला डबा संपला की उरलेला रस दुसऱ्यात ओतायचा. काही वाया घालवायचं नाही! पण त्या रसात, आणि जपानी जेवणातल्या बहुतेक सूप-आमट्यांत, 'दाशी' असतो. दाशी म्हणजे बहुधा सुक्या माशाचा अर्क. समोर मासा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी समजू नका. शिवाय सोबाच्या पिठात बहुधा गव्हाचं पीठही मिसळतात, तेव्हा उपासाच्या दिवशी नकोच. मासे खाणाऱ्या मैत्रिणींनी मात्र सरोवरातल्या 'शिजिमि' या इवल्या काळ्या शिंपल्यांचं गरम सूप जरूर प्यावं. आपल्या कोकणातल्या तिसऱ्या आठवतील.

आसपास आणखी काय?

एक दिवस जास्तीचा असेल तर छोट्या इचिबाता रेल्वेनं सरोवराच्या काठाकाठानं तासाभरात इझुमोच्या महादेवळाकडं जाता येतं. हे देऊळ गाठी जुळवणाऱ्या देवाचं. इतर देवळांत दोनदा टाळी वाजवतात, इथं चारदा. मात्सुएतच याएगाकि नावाचं देऊळ आहे, तिथल्या तळ्यात लग्नाळू मुली कागदावर नाणं ठेवून सोडतात. कागद लवकर बुडाला तर लग्न लवकर, आणि जवळच बुडाला तर नवरा जवळपासचाच! लेक लग्नाची असेल तर तिला नेऊन बघा. रागावली तर माझं नाव सांगू नका.

बागांची हौस असेल तर यासुगी गावाजवळचं आदाचि कलासंग्रहालय चुकवू नका. तिथली बाग काचेतून चित्रासारखी बघायची. पाऊल टाकायचं नाही, नुसतं बघायचं. आणि वसंतात दाइकोन बेटावर मोठमोठ्या पिओनी फुलांचा बहर असतो. युद्धानंतरच्या हलाखीत या बेटावरच्या बायका पिओनीची रोपं पाठीवर घेऊन जपानभर विकत फिरल्या आणि त्यांनी घरं सावरली. फुलं बघताना त्यांची आठवण ठेवा.

कामाच्या गोष्टी

• एप्रिलचा पहिला आठवडा चेरीच्या फुलांचा, ऑक्टोबर-नोव्हेंबर लाल पानांचा. जून-जुलैत पाऊस आणि दमट हवा. तिकडं म्हणच आहे, की जेवणाचा डबा विसरा पण छत्री विसरू नका. ती मनावर घ्या.

• साडीची हौस एका संध्याकाळपुरती ठेवा. किल्ल्याच्या जिन्यांना आणि बोटीला सलवार-कमीजच बरी. न फाटलेले पायमोजे रोज घाला, कारण बूट दिवसातून दहादा काढावे लागतात! घालायला-काढायला सोपे बूट न्या.

• ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, झाडांची रोपं नेऊ नका. मांसाचे पदार्थ मुळीच नाहीत. विमानतळावर अडवतात. मेतकूट, कोरडी चटणी, खाकरे, भाजके पोहे असं कोरडं न्या. हॉटेलात गरम पाण्याची किटली बहुधा असते, तेव्हा पाकिटातला उपमाही चालतो.

• एक वाक्य पाठ करा: 'वाताशि वा निकु तो साकाना ओ ताबेमासेन.' म्हणजे मी मांस-मासे खात नाही. पुढं 'दाशी मो' असं जोडलंत की अर्क पण नको हे कळतं. कागदावर जपानी लिपीत लिहून घेतलंत तर आणखी बरं.

• जवळच तामात्सुकुरि इथं गरम पाण्याची कुंडं आहेत. बायकांची सोय वेगळी असते, पण अंगावर कपडे ठेवून उतरत नाहीत आणि आधी साबणानं स्वच्छ आंघोळ करावी लागते. संकोच वाटत असेल तर रस्त्याकडेच्या कुंडात नुसते पाय सोडून बसा. दिवसभराचा शीण जातो.

• गावात फिरायला लाल रंगाची 'लेकलाइन' बस आहे. ती स्टेशनपासून किल्ला, शिओमि-नावाते, सरोवर अशी फिरून परत येते. वाट चुकायची भीतीच नाही. दोन रात्री मुक्काम पुरेसा होतो.

जाणं होईल त्यांनी जरूर जावं. ज्यांचं होणार नाही, त्यांनाही एक काम सुचवते. आपल्या घरातही एखादी सेत्सुबाई असतेच. सासूबाई असतील, मावशी असेल, गावाकडची चुलतआजी असेल. तिला शनिवारच्या कहाण्या येत असतील, गावच्या विहिरीची, वाड्याच्या पडक्या भिंतीची, पळून गेलेल्या कुणा सुनेची गोष्ट माहीत असेल. 'आम्हांला काय येतंय, आम्ही काय शिकलोय' असं ती म्हणेल. म्हणू द्या. रात्री निजानीज झाली की तिच्याजवळ बसा, आणि पुस्तकातलं नको, तुमच्या शब्दांत सांगा म्हणून आग्रह करा. एक वही करा आणि लिहून ठेवा. मोबाइलवर आवाज भरून ठेवलात तरी चालेल, पण वहीही करा. या ठेव्याचा लिलाव पुकारायला कुणी येत नाही. तो एक दिवस नुसता निघून जातो, आणि तेव्हा १८० येन भरूनही परत मिळत नाही.